सोलरचं पाणी न्हाणीघरापर्यंत : पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

आमच्या गच्चीवर सोलर बसला त्या पहिल्या हिवाळ्यात विजेचं बिल जवळजवळ होतं तेवढंच आलं. टाकीतलं पाणी तर कडकडीत, हाताला चटका बसेल असं. पण न्हाणीघरात नळ सोडला की आधी अर्धी बादली गार पाणी यायचं. ज्याची शाळेची रिक्षा दारात उभी आहे त्याने ते जाईपर्यंत थांबायचं कसं? तो गिझरचं बटण दाबायचा. वर उन्हात पाणी तापत होतं आणि खाली मीटर पूर्वीसारखाच फिरत होता.

चूक यंत्राची नव्हती, पाइपाची होती. बसवणाऱ्याने गरम पाण्याची लाइन त्याला सोपी पडली म्हणून घराला वळसा घालून मागच्या भिंतीवरून आणली होती. बावीस मीटर लांब, एक इंची, वरून काही गुंडाळलेलं नाही. एवढ्या पाइपात नऊ-दहा लिटर पाणी मावतं आणि ते रात्रभर गार होत राहतं. पुढच्या वर्षी आम्ही ती लाइन काढून डक्टमधून सरळ खाली घेतली. पाऊण इंची, अकरा मीटर, वरून इन्सुलेशनची नळी. आता तीन लिटरच्या आत गरम पाणी येतं आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गिझरला हात लागत नाही.

तेव्हापासून नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच घरांत मी सोलर बसताना उभा राहिलो आहे. सोलरची बचत गच्चीवर होत नाही, ती गच्ची ते न्हाणीघर या वाटेवर होते. कंपनी कोणती, ट्यूब किती, यावर लोक महिनाभर चर्चा करतात आणि पाइपाचा निर्णय प्लंबरवर सोडून कामाला निघून जातात. हे उलटं व्हायला हवं.

आधी एक घोळ मिटवू

‘सोलर’ या एकाच शब्दाने आपण दोन वेगळ्या वस्तूंना हाक मारतो. एक विजेचा, म्हणजे निळ्या-काळ्या पॅनेलचा. दुसरा पाण्याचा, म्हणजे वर आडवी टाकी आणि खाली काचेच्या नळ्या किंवा सपाट पेटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका किलोवॉटला ३०,००० आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते विजेच्या सोलरला. पाण्याच्या सोलरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. ‘सरकारी सबसिडीत बसवून देतो’ असं सांगत पाण्याच्या सोलरसाठी कुणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका. जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, कोटेशनमध्ये तो आकडा तपासा.

गच्ची छोटी असेल तर दोन्हींपैकी आधी काय घ्यावं, असंही विचारलं जातं. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटचं विजेचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यात जी उष्णता लागते, तीही बरोबर चार युनिटांएवढी असते. तेवढ्यासाठी पाण्याचा सोलर बराच कमी जागा घेतो. उलट विजेचं पॅनेल एप्रिल-मे महिन्यांतही पंखा आणि फ्रिज चालवतं, तेव्हा गरम पाणी कुणालाच नको असतं. सकाळच्या अंघोळी हाच तुमच्या बिलातला मोठा भाग असेल तर पाण्याचा सोलर आधी घ्या.

बादल्या मोजा

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४० वर न्यायची तर ३६० किलोकॅलरी लागतात. गिझरच्या टाकीतून उष्णता झिरपते ती धरली तर अंघोळीच्या एका बादलीला अर्धा युनिट. चार माणसांच्या अंघोळी आणि थोडी भांडीकुंडी मिळून थंडीत दिवसाला तीन युनिट सहज जातात.

माझ्या आकड्यावर विसंबू नका, घरच्या घरी मोजा. सकाळी गिझर लावायच्या आधी मीटरचा आकडा लिहा, सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत इतर मोठी उपकरणं बंद ठेवा, मग पुन्हा आकडा लिहा. चार दिवस असं केलं की खरा खप कळतो. शॉवरखाली दहा-दहा मिनिटं उभे राहणारे घरात असतील तर हा आकडा पाहून घरातच चर्चा सुरू होते.

आता वर्षाचा हिशेब. जाहिरातीत रोजची बचत सरळ ३६५ ने गुणलेली असते, तिथेच फसगत होते. मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येतं आणि आषाढात ढग हटत नाहीत. मी असा धरतो : ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेर १६५ दिवस, रोज तीन युनिट, म्हणजे ४९५. पावसाळ्याचे चार महिने रोज सरासरी एक युनिट, म्हणजे १२०. उरलेले सुमारे पंचाहत्तर दिवस दीड युनिट, म्हणजे ११२. बेरीज सातशेच्या थोडी वर. युनिट १० रुपये धरलं तर वर्षाला सात हजार. दोनशे लिटरचा सोलर, पाइप आणि मजुरी मिळून तीस हजारांत बसला तर सव्वाचार वर्षांत पैसे फिटतात. नीट राखलेला सोलर त्यानंतरही दहा वर्षं चालतो. युनिटचा भाव स्वतःच्या बिलावरून घ्या. स्थिर आकार सोडून बाकी रकमेला युनिटांनी भागा. तुम्ही ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात असाल तर वाचणारी युनिटं सगळ्यांत महाग टप्प्यातली असतात आणि पैसे आणखी लवकर फिटतात.

गॅस गिझर वापरणाऱ्यांना मी वेगळं सांगतो. तेवढीच उष्णता गॅसवर करायला वर्षाला पाचेक सिलिंडर लागतात. सिलिंडर ९०० रुपयांच्या आसपास धरला तर बचत साडेचार हजारांच्या आत राहते आणि पैसे फिटायला सात वर्षं लागू शकतात. तरीही बदला म्हणेन, कारण बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत. त्या वायूला वास नसतो, गुदमरल्याचं कळतही नाही. तो गिझर आजही आत असेल तर सोलर येईपर्यंत थांबू नका, आजच न्हाणीघराबाहेर काढा.

कोळशाचा हिशेब

आपली वीज अजून मुख्यतः कोळशावर चालते आणि सकाळी सहाला, जेव्हा घरोघर गिझर लागतात, तेव्हा विजेच्या सोलर पॅनेलांवर ऊनही पडलेलं नसतं. औष्णिक केंद्रात एक युनिट तयार करायला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि देशाच्या ग्रिडमधल्या प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाची सातशे युनिटं वाचली म्हणजे साडेचारशे किलो कोळसा आणि जवळजवळ पाचशे किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. एका घराचा, फक्त अंघोळीचा.

हे आकडे मला चंद्रपूरचं नाव घेतल्याशिवाय कळत नाहीत. तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. त्याला पाणी इरई धरणातून लागतं, आणि राख व धूळ त्याच परिसरातल्या माणसांच्या वाट्याला येते. पुण्यात किंवा नाशकात आपण बटण दाबतो त्याचा धूर आपल्याला दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. आपल्या गच्चीवर ऊन फुकट पडत असताना चंद्रपूरकरांच्या श्वासावर आपलं पाणी तापवायचं, हे मला पटत नाही.

गावाकडे तांब्याचा बंब अजून पेटतो. सरपण घरचंच असेल तर पैशांची बचत फारशी दिसणार नाही, पण पहाटे उठून बंब पेटवणाऱ्या बाईच्या डोळ्यांतला धूर वाचतो. घरातल्या बायकांना विचारून निर्णय घ्या.

गच्ची बघायची ती डिसेंबरच्या उन्हात

सोलरचं तोंड दक्षिणेला. शेजारच्या इमारतीची, जिन्याच्या खोलीची, नारळाची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत त्यावर पडता कामा नये. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा बघितलं तर सगळी गच्ची उन्हात दिसते. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य दक्षिणेला कलतो. पुण्यात त्या दिवसांत सहा फुटी भिंतीची सावली ऐन मध्यान्हीलाही साडेपाच फूट लांब पडते, सकाळी तर दुपटीच्या वर. गरम पाण्याची गरज त्याच दिवसांत. म्हणून शक्य असेल तर थंडीत एकदा गच्चीवर जाऊन दर दोन तासांनी खडूने सावलीच्या रेघा मारा. उतारही थंडीच्या सूर्यासाठी हवा : महाराष्ट्रात साधारण तीस अंश.

वजन विसरू नका. दोनशे लिटर पाणी म्हणजेच दोनशे किलो, वर सांगाडा आणि काच. स्टँड तुळई किंवा भिंतीच्या वर येईल असं ठेवा. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला भोकं पाडू देऊ नका. सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांत पाय रोवा. वळवाच्या वाऱ्याचा जोर मोठा असतो, नुसतं टेकवून ठेवलेलं चालत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, आणि आपण वरून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खाली असू तर एकट्यासाठी बसवू नये. एवढ्या लांब पाइपातलं गार पाणी रोज फेकून द्यावं लागतं. तिथे सगळ्या इमारतीचा मिळून, पाणी फिरतं ठेवणाऱ्या पंपासह बसवलेला सोलरच परवडतो.

ट्यूबचा की सपाट पेटीचा

काचेच्या दुहेरी नळ्यांचा तो ईटीसी. सपाट पेटीत तांब्याच्या नळ्या असतात तो एफपीसी. ईटीसी स्वस्त, ढगाळ आणि गार हवेत चांगला, एखादी ट्यूब फुटली तर तेवढीच बदलता येते. एफपीसी महाग, पण मजबूत आणि दीर्घायुषी. त्यावर आयएस १२९३३ हा शिक्का बघा.

खरा निर्णय तुमचं पाणी करतं. माझ्या बहिणीचं घर सोलापूरला, पाणी बोअरचं. बादलीला आठवड्यात पांढरा थर चढतो. तसल्या पाण्यात साधा एफपीसी घेतला तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या चोंदतात. तिच्याकडे ईटीसी बसवला, कारण त्याची ट्यूब उपसून ब्रशने धुता येते. टाकी साध्या स्टीलऐवजी आतून काचेसारखा मुलामा दिलेली घेतली, क्षारयुक्त पाण्यात स्टीलचे सांधे गळू लागतात. कोटेशनमध्ये टाकीच्या आतला धातू, त्याची जाडी आणि भोवतीच्या फोमची जाडी लेखी मागा. फोम ५० मिलिमीटर हवा.

दोन-तीन माणसांना शंभर लिटर, चार-पाच माणसांना दोनशे. सोलरचं पाणी साठ अंशांचं असतं आणि त्यात विसण घालायचं असतं, त्यामुळे शंभर लिटरचं अंघोळीचं पाणी दीड-दोनशे लिटर होतं. ‘पाहुणे येतात’ म्हणून तीनशेचा घेणारे पुष्कळ. पाहुणे वर्षातून दहा दिवस येतात, जादा पैसे आणि जादा वजन कायमचं.

पाइप : इथे दिवस घालवा

बसवण्याच्या दिवशी सुट्टी घ्या. हे मी आग्रहाने सांगतो.

पहिली गोष्ट उंची. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा किमान फूटभर वर हवा, नाहीतर सोलर पूर्ण भरत नाही. जुन्या घरात गार पाण्याची टाकी गच्चीवरच टेकलेली असते, तिला उचलून स्टँडवर घ्यावं लागतं. हा खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो.

दुसरी, व्हेंट पाइप. सोलरच्या टाकीवरून सरळ वर जाणारी, तोंड उघडं असलेली नळी. वाफ आणि हवा तिथून निघते. तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्या माथ्याहून उंच हवं, नाहीतर पाणी तिथूनच वाहून जातं. ती गळते म्हणून बूच मारणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका, टाकी फुगून फाटते.

तिसरी, गरम पाण्याची लाइन. ती सीपीव्हीसीचीच हवी, साधी पीव्हीसी उन्हाळ्याच्या पाण्याने मऊ पडून झोळासारखी वाकते. पाऊण इंची, शक्य तितकी आखूड, कमीत कमी वळणं. आणि डोक्यापासून पायापर्यंत इन्सुलेशन. उघड्यावरचं इन्सुलेशन उन्हाने दोन वर्षांत भुगा होतं, म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप हवी.

चौथी गोष्ट फार थोड्या प्लंबरना माहीत असते. ‘सोलरचं पाणी कोमट येतं’ या तक्रारींचं मूळ मला पुष्कळ वेळा इथेच सापडलं आहे. शॉवरच्या मिक्सरमध्ये गरम आणि गार पाणी एकत्र येतं. गार बाजूला प्रेशर पंप असेल आणि गरम बाजू नुसत्या उतारावर चालत असेल, तर गार पाणी मिक्सरमधून उलटं सोलरच्या लाइनमध्ये चढतं. ओळखायचं कसं? गच्चीवर सोलरचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली गरम नळ सोडा. तरीही पाणी येत राहिलं तर गार पाणी घुसतं आहे. उपाय म्हणजे दोन्ही लाइनींना सारखाच दाब, किंवा गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप.

ट्यूब बसवणं आणि पाणी भरणं कोवळ्या उन्हात किंवा सूर्य मावळल्यावर करा. भर दुपारी तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी सोडलं की काच तडकते. दुपारी आलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो रागावेल, तरीही ट्यूब कापडाने झाकून सांजेपर्यंत थांबवा.

टाकीतला हीटर लावू नका

बहुतेक टाक्यांत ढगाळ दिवसांसाठी विजेचा हीटर बसवून देतात. सोयीचा वाटतो, पण दोनशे लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला त्याला सात युनिट लागतात. तेवढ्याच घरातल्या चार अंघोळींना गिझर दोन युनिट घेतो. बटण रात्रभर चालू राहिलं तर पावसाळ्यातली आठवडाभराची बचत गेली. तो हीटर जोडूच नका. न्हाणीघरातला जुना छोटा गिझर राहू द्या, दोन व्हॉल्व्ह लावून सोलर आणि गिझर वेगवेगळे ठेवा. माझी मावशी चिपळूणला असते. तिथे जून ते सप्टेंबर सोलरकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही, पण ऑक्टोबर उजाडला की ती गिझरचा एमसीबीच खाली पाडते. बटण समोर असलं की हात जातो, एमसीबी पाडलेला असला की जात नाही.

अंघोळी एकापाठोपाठ एक करा. मध्ये तास-तास गेला की पाइप पुन्हा गार होतो. सुरुवातीचं गार पाणी फेकू नका, खाली बादली लावा, तेच विसणाला वापरा. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी ऐंशी अंशांपर्यंत जातं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर आधी बादलीत गार पाणी, मग सोलरचं, हा क्रम घरात पक्का करा.

नरकचतुर्दशीची अंघोळ सूर्योदयाआधीची, तेव्हा पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाचं असतं. टाकी किती चांगली आहे ते त्या पहाटे कळतं. संध्याकाळी सहाला आणि पहाटे पाचला थर्मामीटर धरा. पाच-सहा अंशांहून जास्त उतार दिसला तर फोम भिजलेला आहे किंवा रात्रीत कुठून तरी गार पाणी शिरतं आहे.

निगा आणि कागद

महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने काच पुसा, सकाळी लवकर. रस्त्याकाठी घर असेल तर पंधरा दिवसांनी. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. विक्रेते तिचं नाव घेत नाहीत. वर्षाने उघडून बघायला सांगा, पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर बदला. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा टाकी तळातून सोडून गाळ काढा. उन्हाळ्यात गावाला जाताना ट्यूबवर जुनी चादर घालून बांधा.

बिल, वॉरंटी कार्ड आणि चालू संचाचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि संच चालू असावा लागतो. इतर गावांतल्या लोकांनी आपल्या पालिकेच्या कर विभागात जाऊन विचारावं. आमची सवलत लागू झाली ती अर्ज केल्यानंतर. आधीची दोन वर्षं सोलर गच्चीवर होता आणि आम्ही पूर्ण कर भरत होतो.